चौदाव्या मिनिटाला

दर दुसऱ्या गुरुवारी धुळ्याहून सकाळची एसटी.
दोंडाईच्याला उतरले की आधी शिंक.
पथारींवर वाळणाऱ्या मिरचीवरून वारा येतो
आणि परकं माणूस लगेच ओळखतो.

दवाखान्याच्या मागची खोली,
पूर्वी इथे सलाइनची खोकी ठेवत.
दोन खुर्च्या, माझा जुना रेकॉर्डर,
आणि संघमित्रा बैसाणे, समुपदेशक,
वय सव्वीस, पेनचं टोपण दातात.
"त्यांची परवानगी घेतली होती, मॅडम."

मी वही उघडते. मधोमध रेघ.
डावीकडे तिचे प्रश्न, तिचे सल्ले,
उजवीकडे तिने त्याला परत दिलेलं त्याचंच बोलणं.
डावी बाजू मुंग्यांसारखी भरत जाते.
उजवीकडे कागद.

टेपमध्ये पंखा आहे, खोकला आहे,
मिरचीबाजारातला एक हमाल आहे,
नाव इथे लिहीत नाही.
ती सांगते, यकृत, पैसा, घर.
तो म्हणतो, हा ताई.
ती सांगते, गोळ्या, तारीख, पोरांची शपथ.
तो म्हणतो, हा ताई.
मग चौदाव्या मिनिटाला,
कोणी काही विचारलेलं नसताना:

"पोर मन्हा हातना घास खात नही आते.
म्हनस, आबा, हातना वास येस.
मी म्हनं, मिरचीना शे.
ती म्हने, मिरचीना वास माले माहीत शे."

पंखा एकदाच फिरला असेल, तेवढ्यात संघमित्रा:
"म्हणूनच सांगते ना दादा, सोडा!"
हा ताई.

मी टेप थांबवली. वीस वर्षांचा अनुभव
पदर खोचून उभा राहिला.
इथे थांबायला हवं होतं. इथे त्याचं वाक्य
ओंजळीत धरून त्याच्यापुढे करायचं होतं.
दार त्याने उघडलं, तू आत फर्निचर ढकललंस.
असे अकरा मुद्दे. ती लिहीत राहिली.

शिकवणाऱ्यानेही स्वतःला टेप करावं,
हा नियम मीच केलेला.
परतीच्या गाडीत, चिमठाण्याच्या पुढे,
कानात बोंडं घालून स्वतःला ऐकलं.
हो मॅडम. हो मॅडम.
मोजले, एकोणीस.
चाल तीच, हा ताईची.
आणि आठव्या मुद्द्यानंतर, अगदी बारीक आवाजात,
"ते ऐकून मला माझे पप्पा आठवले, मॅडम. मी घाबरले."
त्यावर माझा आवाज, स्वच्छ, कामसू:
"बरं. नववा मुद्दा."

खिडकीबाहेर कापसाच्या काड्यांचे ढीग मागे जात होते.
मी ते वाक्य परत लावलं.
परत लावलं.
कंडक्टर म्हणाला, बाई, धुळं उन्हं.

पुढच्या खेपेला वही पिशवीतच ठेवली.
म्हटलं, तुम्ही पप्पांचं बोललात, मी पुढे निघून गेले.
ती गप्प. मीही. जमत नव्हतं मला,
जीभ आठ वेळा दातांपर्यंत येऊन गेली.
बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ओढत नेलं.

किती वेळाने कोण जाणे, ती म्हणाली,
"त्यांनी सोडली नव्हती. मला वाटतं
मी यांच्याकडून सोडवून घेत होते."
सोडवून घेत होता, मी म्हटलं. एवढंच.

मग मी हमाल झाले.
माझ्या मोडक्या अहिराणीवर ती खुदकन हसली,
"'हातचा' नाही मॅडम, 'हातना'."
पुन्हा म्हटलं: पोर मन्हा हातना घास खात नही आते.
ती थांबली. टोपण दातांतून काढलं.
"तिला कळतं," म्हणाली, "कुठला वास कुठला ते.
आणि तुम्हालाही कळलंय, की तिला कळतं."
पुढे काही सल्ला जोडला नाही.

दोघींच्याही डोळ्यांना पाणी होतं.
या गावात त्याचं कारण कोणी विचारत नाही.

हमाल मंगळवारी यायचा होता.
गाड्या आल्या असतील तर बुधवारी.
नाहीच आला तर,
संघमित्रा म्हणाली, तर नाही आला.
आणि दुसरी खुर्ची पुसून ठेवली.