नाव खोडायचे किती

भांडी बाजारात बत्तीस वर्षं मी नावं कोरतोय.
ताटावर, तांब्यावर, आंदणाच्या कळशीवर,
चि. सौ. कां. पासून कै. पर्यंत.
अक्षराला दीड रुपया, तारीख फुकट.

हर्षाली परीक्षेसाठी रोमचा इतिहास वाचते,
मोठ्यानं, म्हणजे मलाही पाठ होतो.
तिथं पळपुट्या गुलामाच्या गळ्यात लोखंडी कडं घालायचे,
कड्यावर मजकूर:
मी पळालोय. मला धरा.
मालकाकडे पोचवलंत तर एक सोन्याचं नाणं.
मला वाटलं, हे कुणीतरी कोरलं असणार,
जीभ दातांत धरून, ओळ वाकडी जाऊ नये म्हणून.
अक्षराचे किती घेतले असतील त्यानं?

आणि रात्रीचे पहारेकरी, ती सांगते,
आग विझवायला बादल्या घेऊन फिरायचे.
लोक चिडवायचे, आले बादलीवाले.
बरेचसे स्वतःच सुटलेले गुलाम.
सहा वर्षं गस्त घातली की पुरते नागरिक.
आग नसेल तेव्हा चोर धरायचे
आणि पळालेले गुलाम.

हे मी लहानू भोयेला सांगितलं.
आमच्या गल्लीचा वॉचमन, सुरगाण्याकडचा.
लग्नसराईत मी उशिरापर्यंत बसतो,
तो बिडी विझवून ऐकतो.
"सुटलेल्यानंच धरायचं?" म्हणाला,
आणि कितीतरी वेळ काठीनं फरशी ठोकत राहिला.

परवा रात्री पावणेदोनला
पॉलिशच्या कारखान्यातलं पोर गल्लीत शिरलं,
कोपरापर्यंत काळं, पायांत काही नाही,
बगलेत जेवायची थाळी.
शेठनं बजावून ठेवलं होतं,
याच्या बापाला उचल दिलीय,
दिसला की शिट्टी मार, पाचशे देईन.

लहानूनं शिट्टी ओठांशी नेली.
आतला मणी एकदाच खुळखुळला.
मग त्यानं आपल्या बोलीत विचारलं, कुठल्या पाड्याचा?
पोरानं काय सांगितलं मला कळलं नाही.
लहानूला कळलं.

थाळी माझ्यापुढे आली.
काठावर शेठचं नाव, अक्षरं माझीच,
दिवाळीआधी चाळीस थाळ्यांची ऑर्डर होती,
'र'ची शेपूट मी जरा लांब काढतो.

"नाव खोडायचे किती?"

बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी हातोडीनं ठिपके चेपले, कानस फिरवली,
चिंच लावली, चिंधीनं घासली.
पितळ उजळलं. तिरकं धरलं तर
नाव अजून वाचता येत होतं.

सुटका झाल्यावरही, हर्षालीनं वाचलं होतं,
माणूस मालकाचंच नाव आधी लावायचा,
मग स्वतःचं.

पोरानं थाळी पोटाशी धरली, नाव आतल्या बाजूला.
पहाटेच्या गाडीचे पैसे लहानूनं दिले.
तो सोडायला पेठ नाक्यापर्यंत गेला,
तेवढा वेळ त्याची काठी माझ्याकडे होती.
मी दारात उभा राहून
दर अर्ध्या तासानं ती फरशीवर आपटली,
गल्लीला वाटावं, कुणीतरी जागं आहे.