गुंजभर

डॉक्टर बेलसरे म्हणाले, एकदम तोडू नका,
उतरवत न्या.
म्हणून गोळी काट्यावर ठेवली,
ज्या काट्यावर तीस वर्षं
लोकांची मंगळसूत्रं ठेवत आलो.
अर्धी. मग चतकोर.
मग कानशीनं घासून गुंजभर.
खाली पडलेली पूड सवयीनं
कुंचल्यानं गोळा केली.
आमच्यात कचराही झारेकऱ्याला विकतात;
हा कोण घेणार?

अकरा वर्षं घेत होतो.
चिठ्ठी पंधरा दिवसांची होती.

आता गुंजही नाही. आज नववी रात्र.
जिभेवर तांबं.
बावीस कॅरेट करताना घालतो ते दोन
माझ्याच तोंडात उतरल्यासारखे.
पोटऱ्यांतून मुंग्या रांगेनं चालतात.
उशी पालटली, दोन्ही बाजू ओल्या.
भिंतीपलीकडे गुगळ्यांचा फ्रिज धडधडून थांबतो,
आणि थांबल्यावर जास्त ऐकू येतो.
हेमलता झोपलीये, तोंड जरा उघडं,
फुकट.
तिचा इतका राग मला लग्नापासून आला नव्हता.

तीनला मंडईकडे टेम्पो जातो,
मागे कोथिंबिरीचा वास सोडून.
सोन्या मारुतीशी कुत्री भांडतात.
या शहरात दुपारी एक ते चारचं ताट
कुणी कुणाचं हलवत नाही.
रात्रीच्या पंगतीत मात्र
मला वाढायचंच विसरलेत.

काल निताईनं पाहिलं.
फुंकणी ओठांत, ज्योत डाकावर न्यायची,
आणि हात माझा नव्हताच,
कुणीतरी पलीकडून ओढत होतं.
साखळीची कडी वितळून मणी झाली.
मेदिनीपूरचा पोरगा, काही बोलला नाही.
चिमटा माझ्या हातातून काढून घेतला,
स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला,
कडी पुन्हा घडवली.
वहीत मात्र काम माझ्या नावावर.

गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगायचो,
तापल्याशिवाय शुद्ध होत नाही.
आता नाही सांगणार कुणाला.

पहाटे कधीतरी डोळा लागला.
वीस मिनिटं असतील.
स्वप्नात दुकानाचं शटर, आणि किल्ल्या
मेणासारख्या वाकलेल्या.
जागा झालो तर हेमलता चष्मा लावून
माझ्याकडेच बघत बसलेली.
"घोरत होतात," म्हणाली,
नातवंड झाल्याचं सांगावं तसं.

उरलेली पट्टी तिजोरीत आहे,
गहाणाच्या पुड्यांमध्ये,
वर नाव माझंच.
तेवढं तिला सांगायचं राहिलंय.