काबरी अजून वर आहे

बाबांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांची वेळ लिहिली.
मिलच्या फाटकाशी, जाळीच्या खिडकीत बसून
सहा पाच, सहा सात, सहा अकरा,
आणि अकराच्या पुढे लाल शाईची तिरकी रेघ,
अर्ध्या दिवसाची मजुरी खाणारी.
परदेशीपुऱ्यात त्यांना नावानं कोण ओळखायचं?
रेघवाले टोकेकर.
बायका पोरांना दटावायच्या, झोप लवकर, नाहीतर रेघ पडेल.

मग एका श्रावणात भोंगा वाजला नाही.
साचे भंगारात गेले, चिमणीवर पिंपळ आला.
वेळ तेवढी घरी परत आली,
कुणीच उचलत नव्हतं ती.
दुपारभर बाबा ती अंगावर घेऊन बसत
न वाळलेल्या गोधडीसारखी.
‘साडेतीन झाले,’ म्हणत.
कुणाला? पंख्याला.

इद्रीसभाई आले ते अशाच एका साडेतीनला.
साचाखात्यातले. साऱ्या मस्टरात
ज्यांच्या नावापुढे सर्वांत जास्त लाल.
हातात खोका, खोक्याला भोकं,
भोकांतून गुटर्गू.
‘लो बाबूजी,’ म्हणाले, ‘ये रही मेरी सारी लेट.
इन्हीं को उड़ाने में होती थी.’

आई तेव्हा होती. हसली. कितीतरी दिवसांनी.

आता गच्चीवर बावीस खुराडी आहेत.
बाजरी, भिजवलेला हरभरा, चमचाभर तूप,
आणि पेन्शनमधून बदाम (हे मला माहीत नाही असं बाबांना वाटतं).
शहात्तरीत ते जिना चढतात
गुडघ्यांना न विचारता.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी इन्सुलिन घेऊन गेले.
अर्धा तास. विजय नगर ते परदेशीपुरा, सिग्नल धरून
त्यातला अर्धा रस्त्यातच संपलेला.
वर सहा-सात म्हातारे माना मोडून उभे,
मेची दुपार, कुणाच्या डोक्याला टोपी नाही.
बाजी लागली होती.
‘किती वाजले बाबा? सुई घ्यायची राहिली.’
‘वर आहे,’ ते म्हणाले.
‘किती वाजले विचारतेय मी.’
‘पहाटेपासून. काबरी अजून वर आहे.’

मला दिसेना. आभाळ नुसतं पांढरं, तापलेलं.
बाबांनी माझी हनुवटी धरली, लहानपणी
वेणी घालताना आई धरायची तशी,
आणि फिरवली.
‘निंबाचा शेंडा. तिथून चार बोटं डावीकडे.
आता डोळे ताणू नकोस.’

एक ठिपका.
नव्हताच. मग होता.
मग पंख मारायचा थांबून
नुसता टेकून राहिला कशावर तरी,
जिथे काहीच नाही तिथे.

फोन वाजला असेल. तीनदा, असं नंतर दिसलं.
सुई मी दिली, हो, आभाळाकडे बघत दिली,
आणि बाबांनी हूं की चूं केलं नाही.
कधीतरी कुणीतरी माझ्या हातात पोहे दिले,
जिरावण जरा जास्तच.
दिवे लागले तेव्हा काबरी
खांद्याएवढ्या उंचीवर अचानक मोठी झाली,
खुराड्यावर उतरली, पाणी प्यायली.
पंच घड्याळ बघून आकडा सांगत होता.
बाबा तिचे पाय पुसत होते.
इद्रीसभाईंनी विचारलं, कितना हुआ बाबूजी?
रेघवाले टोकेकर म्हणाले,
मैंने नहीं देखा.

गुरुवारी मी मशीनवर अंगठा ठेवला.
नऊ बावन्न, लाल अक्षरांत.
बारा मिनिटं उशीर.
मान वर केली.
वर पंखा होता. त्याच्या मागे छत.
त्याच्या चार बोटं डावीकडे
मी तरी बघत राहिले.