गूळ शेवटी

राजमा रात्रीच भिजवला.
चित्रा, बारीक दाण्याचा, सियागंजातून आणलेला, अर्धा किलो.
दोघांना फार होतो, हे माहीत असून.
सकाळी पाणी बदललं, एक दणदणीत उकळी दिली
आणि बिडाचं पातेलं गच्चीवर नेऊन
जाळीवर ठेवलं.

जाळी आमचीच.
मोबिलचा पिंप आडवा कापलेला,
पाय ट्रकच्या पाट्यांचे,
वरचं लोखंड कुठल्याशा चारशे सातच्या रेडिएटरपुढचं.
देवास नाक्याच्या गॅरेजात, एका मंदीच्या जुलैत,
दिगू वेल्डिंग करत होता, मी धरून होतो.
एक पाय अर्धा इंच आखूड झाला.
"राहू दे," म्हणाला, "खाली लाकूड देऊ."

ते लाकूड अजून आहे. गॅरेज नाही.

एक लाख चाळीस हजारांवरून
आम्ही सहा वर्षं बोललो नाही,
इंदूरसारख्या गावात,
जिथे पोह्यांच्या गाडीवर सकाळी कुणीही कुणाला भेटतो.
म्हणून मी गाडी बदलली.
त्यानंही बदलली.
नव्या गाडीवर समोरासमोर आलो, हातात प्लेटा,
आणि माझ्या तोंडून जिरावणासकट निघून गेलं:
रविवारी ये.

दहाला आला. हेल्मेट हातातच.
"अर्ध्या तासात निघतो."
मी झाकण उचलून दाखवलं.
तळाशी दाणे, नदीतल्या खड्यांसारखे टणक.
"किती वेळ?"
"दुपार होईल."
हेल्मेट पाण्याच्या टाकीवर गेलं.

मग तो माझ्याकडे न बघता निखाऱ्यांकडे वळला.
"एवढी आग कशाला रे? इंजिन खोलायचंय का?"
कोळसे कडेला सारले.
पिंपाला त्यानंच पाडलेली तीन भोकं,
त्यातलं एक विटेच्या तुकड्यानं बुजवलं.
खदखद थांबली. मग एकेक बुडबुडा,
झोपेत कुणी ओठ हलवावेत तसा.

मी गुळाचा खडा उचलला, टमाट्याची वाटी.
"आत्ता नको," त्यानं हात धरला,
"गोड-आंबट आधी पडलं की दाणा आडमुठा होतो.
मग दिवसभर शिजव, ऐकत नाही."
"कुठे शिकलास हे?"
"वैजूच्या आजारपणात. दीड वर्ष स्वयंपाक मीच करत होतो."

वैजू आजारी होती.
मला माहीत नव्हतं.
माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर
दीड वर्ष.

"आता कशी आहे?"
त्यानं झाकण उचललं.
"पाणी घाल. गरमच घाल. गार घातलं की दाणा दचकतो."

दुपार गच्चीवरून सरकत गेली.
शेजारच्या सोधींच्या गच्चीवर मुलं पतंगाला गाठी मारत होती.
मी चार वेळा "ते पैसे" म्हणायला तोंड उघडलं.
चारही वेळा त्यानं झाकण उघडलं.
चौथ्यांदा वाफेत त्याचा चष्मा धुरकटला
आणि तो बराच वेळ पुसत बसला.

तीन वाजले असतील.
फॅन बेल्टचा ताण ज्या अंगठ्यानं पाहायचा
त्याच अंगठ्याखाली एक दाणा दाबला.
काही न बोलता साल सुटली.
"आता टाक."

गूळ. टमाटा. कुटलेली मोहरी. लालसर परतलेला कांदा.
झाकणावरही चार निखारे.
तासाभरानं रंग जुन्या गिअर ऑइलसारखा झाला.
उपमा दोघांनाही एकदमच सुचली असावी,
कारण दोघंही हसलो,
आणि मग दोघंही खोकलो. धूर होता.

राखेत चार बाट्या पुरल्या होत्या, त्या फोडून खाल्लं.
सहा वर्षांत ह्याची बोटं केवढी पातळ झालीत,
हे मला तेव्हा दिसलं.

"एक डबा दे," निघताना म्हणाला,
"तिला गोड चालत नाही आता. वास घेते."
मी दोन डबे भरले. झाकण एकालाच बसत होतं,
दुसऱ्यावर ताटली बांधली.

जिन्याकडे जाता जाता तो पिंपापाशी उकिडवा बसला.
आखूड पायाखालचं लाकूड
एका कडेनं जळून काळं पडलं होतं.
हलवून पाहिलं. हललं नाही.
"राहू दे," म्हणाला.

मी निखाऱ्यांवर पाणी मारलं नाही.
अंधारात पातेल्याच्या बुडाला चिकटलेलं
चमच्यानं खरवडत बसलो,
करपलेलं, गोड.