तीन सेकंद मागे

रात्रीचे दहा. डुलूथ. माझं तळघर.
कानांत स्टुडिओ, गुडघ्यांमध्ये बावीस कळांचं यंत्र.
बातमी वाईट असली की रोआल्ड आधी नाकाने श्वास घेतो.
तो मला ऐकू येतो.
श्वासासाठी कळ नाही.

मी टाइप करत नाही, लोकांना तसं वाटतं.
चार-पाच बोटं एकदम दाबायची,
चर्चच्या ऑर्गनवर सूर धरतात तशी,
की एक अख्खा उच्चार उमटतो.
मग संगणक आपला कोश उघडून विचारतो, हा कोण?
कोशात असला तर शब्द. नसला तर पालापाचोळा.
एकदा नगरसेवक थोरसन यांचे दोन तुकडे झाले,
थोर, आणि सूर्य,
आणि पाणीपट्टीच्या चर्चेत सूर्य तीनदा उगवला.
तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कोशात नावं भरते:
हॉकीचे गोलरक्षक, सरोवरातली जहाजं,
फिनिश आडनावांची ती लांबच लांब मालगाडी.

इथून शब्द निघतात ते टेकडीवरच्या केंद्रात,
तिथल्या एका करड्या पेटीत.
पूर्वी ती त्यांना चित्राच्या माथ्यावर लपवायची,
एकविसाव्या ओळीत, जी कोणाला दिसत नसे,
दर चौकटीला दोन अक्षरं, अधिक नाही.
आता ओळ गेली, सगळं आकड्यांतून वाहतं.
पेटीवरची चिठ्ठी तेवढी राहिली आहे: हात लावू नये.
ज्याला हवं त्याने बटण दाबावं.
नको असेल, त्याच्या घरात मी नसतेच.

काळ्या पट्टीवर पांढरी बत्तीस अक्षरं, अशा तीन ओळी.
चौथी आली की सगळ्यात वरची गेली.
आणि मी कायम तीन सेकंद मागे.
स्टुडिओ हसून मोकळा होतो
तेव्हा माझा विनोद अजून अर्ध्यावर असतो.

जूनमध्ये एका रात्री मॅग्नस ओढा फुगला.
रोआल्डच्या हातात कोणीतरी कागद दिला, कागद वाजला.
श्वास. मग आणखी एक.
ओढ्याचं नाव कोशात होतं.
"ताबडतोब घरं सोडा" हेही होतं, एकाच ठोक्यात,
कित्येक वर्षांपूर्वी करून ठेवलेलं.
मग तो गल्ल्या वाचू लागला.
तिसरी आली ओकेसन लेन.

नव्हती.
एकवीस वर्षं राहते मी इथे. अख्खं गाव भरलं,
स्वतःची गल्ली नाही. ती कशाला येतेय बातमीत!
पडद्यावर गेलं: ओके सूर्य लेन.
पुसलं. मग एकेक अक्षर,
पहिलीतल्या पोरासारखं, सहा वेळा,
आणि रोआल्ड तोवर दोन गल्ल्या पुढे.

समोर वेल्मा टुओमी राहते.
खनिजाच्या धक्क्यावर तीस वर्षं काढली,
जहाजांच्या पोटात कोसळणाऱ्या लोहखडीने
तिचे दोन्ही कान नेले.
मी काय काम करते ते तिने कधी विचारलं नाही.
माझी खिडकी जमिनीलगत, वीतभर.
तिच्या घरातला टीव्हीचा निळा उजेड तेवढा दिसतो.
तो विझला. जिन्यातला दिवा लागला.
किती सेकंदांनी, ते मोजलं नाही.
मोजायला हात मोकळे नव्हते.

मग खिडकीवरून पिवळे गमबूट गेले, रस्ता ओलांडून इकडे.
माझे मोजे ओले झाले होते.
पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले. सहावी गल्ली. सातवी.
वर दारावर धडाधड मुठी,
आणि वेल्मा ओरडतेय, खाली कोणी आहे का,
आपला आवाज केवढा मोठा आहे ते ठाऊक नसलेला आवाज.

यासाठी माझ्याकडे कंस तयार असतो:
[दार ठोठावल्याचा आवाज]
पण ते स्टुडिओत वाजलं नव्हतं.
लिहिलं नाही.
आठवी गल्ली लिहिली.