नमुना

हिलरनं सॉनामागचं तळं स्वतः खणलं,
अकरा उन्हाळ्यांपूर्वी, उसन्या फावड्यानं.
तेव्हापासून दर शनिवारी
तापल्या अंगानं धावत यायचं
आणि धपकन उडी.
किती पाणी पोटात गेलं, कुणी मोजलं नाही.

यंदा जुलैत बदकं उतरली.
मग पोरांच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ,
रात्रभर खाजवणं.
"गोगलगायींचे उद्योग," शेजारची वीवे म्हणाली,
"आणि काठाला ती हिरवी साय बघ.
कुत्र्याला बांधून ठेव."

तो जॅमच्या बरणीत पाणी घेऊन तार्तूला गेला.
खिडकीतल्या बाईनं बरणी उजेडात धरली,
आत स्ट्रॉबेरीचं एक बी तरंगत होतं.
तिनं निर्जंतुक बाटली पुढं सरकवली.
पुन्हा चाळीस किलोमीटर.

आठवड्यानं कागद आला.
आकडा मोठा होता.
चष्मा पुसून वाचला,
तरी तेवढाच.

शनिवारी सॉना तापवलाच.
वाफाळत बाहेर आला, पाय सवयीनं निघाले,
फळीच्या टोकाशी थांबले.
तळं निवांत,
जणू त्याच्याविषयी कुणी काही बोललंच नाही.

विहिरीची बादली डोक्यावर उपडी केली,
एक शिवी हासडली, आणि वळला.

मागं टुपकन
एक बेडूक
कागद न वाचताच
पाण्यात.