ओठ आतल्या बाजूला

गिअरबॉक्स उतरला, फ्लायव्हील भिंतीला टेकवलं.
होटगी रोडच्या पत्र्याखाली बेचाळीस डिग्री,
आणि मौलाली मिस्त्री सायकलच्या तारेचा आकडा करून
बाबांच्या डॉजमधून उपसतोय
सत्तर वर्षांची दोरी,
ग्रॅफाइट चोपडलेली, जळक्या वातीसारखी.
"ही गळणारच होती की ओ.
नवी होती तवाबी गळायची."

नवं सील रबराचं, दोन अर्धुकं.
टोकं जरा सरकवून बसवतो तो,
सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून;
बोटानं तेल लावतो, बाळाला गुटी चाटवावी तसं.
"ओठ आतल्या बाजूला.
उलटा बसला, तर सगळं परत खोला."

बाबा व्हिजिटला जात,
साखर पेठेत, दाजी पेठेत,
ज्याच्या दारात गाडी, त्याच्या फरशीवर डाग.
रुपयाएवढा असला तर ताप.
भाकरीएवढा असला
तर शेजारी विचारायला जात नसत,
आपल्या घरातला रेडिओ तेवढा बंद करत.

घरी येऊन बाबा बोलत नसत काही.
हात धूत.
खूप वेळ धूत.

संध्याकाळी सात रस्त्यापर्यंत फिरवून आणली.
मौलालीनं खाली पेपर पसरला,
चहा होईस्तोवर आम्ही दोघं उकिडवे.
एक थेंब नाही.
तो हसला. मी पैसे मोजले.

घरी आईनं सवयीनं पुठ्ठा आणून
गाडीखाली सरकवला,
आणि सकाळी उचलून
दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला.